ताटाची उजवी बाजू

८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

इतक्या महिन्यांनी पत्र लिहिते आहे म्हणजे हिचं काहीतरी काम असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. आहेच काम. फोन असता तर तासभर तुझं डोकं खाल्लं असतं, पण घंटा वाजली की दादा घाबरतो म्हणून तुम्ही तो काढूनच टाकलात. तेव्हा आता वाच.

पाक्षिकात माझी कादंबरी क्रमशः येते आहे, हे आईने सांगितलं असेलच. शेजारच्यांना सांगितलं असेल, त्यांच्या पाहुण्यांनाही सांगितलं असेल. पाच भाग झाले. नायक वास्तुविशारद आहे. बांधकामावरून पडतो, डोक्याला मार लागतो आणि सध्या इस्पितळात बेशुद्ध आहे. तिथेच माझं घोडं पेंड खातंय. पुढे त्याला शुद्धीवर आणायचंय, आणि ते कसं होतं हे तुझ्याइतकं मला कोण सांगणार? नायक म्हणजे दादा नाही हं. दादा नाट्यगृहात दिवे लावायचा, शिडीवरून पडला. माझा नायक सूट घालतो.

तर सांग. डोक्याची पट्टी कशी बांधतात? खाटेजवळची यंत्रं कसली असतात, आवाज कसा येतो? आणि मुख्य म्हणजे, जागा होताना माणूस पहिलं काय बोलतो? माझ्या डोक्यात असं आहे की बायको त्याच्या आवडीचं गाणं गुणगुणते, तो डोळे उघडतो आणि तिला नावाने हाक मारतो. चालेल ना?

दादा कसा आहे? दोन वर्षांत पुष्कळ सुधारला असं आई लिहिते. मला यायचंय गं, पण दर पंधरवड्याचा भाग मानगुटीवर बसलेला असतो.

तुझी,
टिल्ली

*

१९ फेब्रुवारी

प्रिय टिल्ली,

तुझं पत्र नाट्यगृहाच्या कपडेपटात बसून वाचलं. समोर राजाचा अंगरखा उसवून पडला होता, तो तसाच ठेवून तुला उत्तर लिहायला घेतलंय. राजाला आज ठिगळ चालेल.

आधी झालेल्या चुका. तुझ्या नायकाची तिसऱ्या भागात कवटी उघडली आणि पाचव्या भागात त्याचे केस कपाळावर भुरभुरतायत. अगं बाई, डोकं उघडायचं तर आधी हजामत करतात. तुझ्या दादाचं निम्मं डोकं तासलं होतं आणि निम्म्यावर केस तसेच होते. मी नर्सला म्हटलं, काढताय तर सगळे तरी काढा. त्यावर ती हसली. त्या महिन्यात माझ्यासमोर हसलेलं ते पहिलं माणूस, म्हणून लक्षात राहिली.

दुसरं, तोंड. नाकातोंडात नळ्या असतात, नंतर गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवतात. गळ्यात नळी असली की आवाज फुटत नाही. तेव्हा नावाने हाक वगैरे विसर.

तिसरं, जागं होणं. तू म्हणतेस तसं डोळे उघडणं होतं, पण ते जागं होणं नव्हे. त्याने डोळे उघडले तेव्हा मी धावत जाऊन आईंना बोलावून आणलं. आम्ही दोघी समोर उभ्या राहिलो आणि तो आमच्यातून पलीकडे बघत होता. तसे पुष्कळ दिवस गेले. मग नजर हलायला लागली. मग त्याने नळ्या ओढायला सुरुवात केली, म्हणून हात कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधले. पट्ट्या टोचत होत्या, मी घरून मऊ शिवून नेल्या. नळी निघाल्यावर पहिलं काय बोलला विचारतेस? शिवी दिली. आईंना. डॉक्टर म्हणाले, फार चांगली खूण आहे. आई बाहेर बाकावर बसून रडल्या आणि नंतर सगळ्यांना सांगत सुटल्या, तो बोलला, तो बोलला.

आता कसा आहे ते लिहिते, तुझ्या गोष्टीत बसेल तेवढं घे. डावीकडच्या मेंदूला मार आहे, म्हणून शब्द सापडत नाहीत आणि उजवा हात जड आहे. वास येत नाही. दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारी शांत बसून असतो. हातात ब्रश दिला आणि ‘घास’ म्हटलं नाही, तर ब्रश धरून उभा राहतो. आणि उजवीकडचं त्याला दिसत नाही. डोळे ठीक आहेत, मेंदू ती बाजू धरतच नाही. ताटातलं डावीकडचं सगळं खातो, उजवीकडचं तसंच, आणि म्हणतो, संपलं. मग मी ताट फिरवते. तो दर वेळी चकित होतो, नवीन वाढलं म्हणून. हे आम्हाला इस्पितळातून घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी कळलं. तोपर्यंत वाटत होतं, अन्नावर वासनाच राहिली नाही.

पण टिल्ली, सुधारतोय हे खरं आहे. मागच्या महिन्यात मी शिवत होते तर सुईकडे बोट दाखवून म्हणाला, “दिवा.” मी म्हटलं, सुई. तो म्हणाला, “हो, तेच. दिवा आण, दिसत नाही तुला.” सुईला दिवा म्हणाला नव्हता तो, मला कमी दिसतंय हे त्याला दिसलं होतं. सुधारणा ही एवढीएवढीशी असते. ती जपायची, बस.

सकाळी आणि संध्याकाळी फिट न येण्याच्या गोळ्या असतात. सकाळच्या मी देते. संध्याकाळी मी प्रयोगाला इथे असते, तेव्हा आई देतात. तुझा भाग आला की त्या त्याला मोठ्यांदा वाचून दाखवतात. तो ऐकतो की नाही देव जाणे, त्या मात्र ऐकतात.

तुझी,
वहिनी

*

६ मार्च

प्रिय वहिनी,

काय लिहिलंयस! हात बांधण्याच्या पट्ट्या मी सातव्या भागात जशाच्या तशा घेतल्या. संपादक म्हणाले, वाचताना घशाला कोरड पडली. हजामतीचंही दुरुस्त केलं: नायक टोपी घालतो.

पण जागं होणं मात्र मला तुझ्यासारखं लिहिता येणार नाही, रागावू नकोस. आठवड्यामागून आठवडे नायक नुसता पलीकडे बघत बसला तर वाचक अंक रद्दीत घालतील. संपादकांचं म्हणणं, आता बायकोने काहीतरी करायला हवं. म्हणून गाण्याऐवजी दुसरंच काढलंय. तुझ्याच पत्रातून सुचलं. नायक घरी आलेला आहे, पण सुस्त, गुंगीत. बायकोच्या लक्षात येतं की हे त्या फिटच्या गोळ्यांमुळे आहे. डॉक्टर ऐकत नाहीत. ती गोळ्या गुपचूप बेसिनमध्ये ओतते, आणि चौथ्या दिवशी तो मान वर करून तिला नावाने हाक मारतो. आठव्या भागाचा शेवट. मी लिहिताना स्वतः रडले.

थोडी सूट घेतली आहे, ठाऊक आहे. पण गोष्टच आहे ना? एवढ्याने कुणाचं काय बिघडतं?

तुझी,
टिल्ली

*

१४ मार्च

टिल्ली,

ते छापू नकोस.

गुंगी येते हे खरं आहे. म्हणूनच ते जास्त वाईट आहे. गोळ्या मनाने बंद केल्या तर पहिले काही दिवस माणूस खरंच तरतरीत दिसतो. आणि मग फिट येते, आणि कधीकधी ती थांबत नाही. तुझ्या गोष्टीत फक्त ते पहिले दिवस आहेत. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी दारात उभं करून मला दुसरं काही सांगितलं नव्हतं, एवढंच सांगितलं होतं.

कुणाच्या घरी असा माणूस असेल. बुडत्याला काडीचा आधार असतो, तू त्याच्या हातात ही काडी देऊ नकोस. लांब बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, टिल्ली. केस भुरभुरले तर मी हसून सोडून देईन. हे सोडण्यातलं नाही.

वहिनी

*

३० मार्च

चि. टिल्ली हिस आईचे अनेक आशीर्वाद.

बाळ, तुझा आठवा भाग मिळाला. मी दोनदा वाचला आणि मग कळलं. इतकं उघड वहिनीच्या पत्रात लिहिता येत नाही म्हणून तू गोष्टीतून सांगितलंस, होय ना? लहानपणी बाबांपासून लपवून दादाला निरोप द्यायचा असला की असंच करायचीस. दोघं आपली गोष्ट सांगत बसायचात आणि आम्हाला वाटायचं, पोरं खेळतायत. आईला कळत नाही असं समजू नकोस.

मला कधीपासून वाटत होतं, या गोळ्याच त्याला उठू देत नाहीत. पण मी अडाणी, माझं कोण ऐकणार? सूनबाईला विचारायची सोय नाही, ती डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जात नाही. बिचारी दमते फार, तिला कशाला त्रास. संध्याकाळच्या गोळ्या माझ्याकडे असतात. मी त्या खिडकीतल्या कुंडीत पुरते.

आणि टिल्ले, काय सांगू! त्याचे डोळे उघडलेत. काल संध्याकाळी मी जवळ बसले होते तर न सांगता माझ्या पदराला हात लावून म्हणाला, “आई, चहा पी.” स्वतःहून. दोन वर्षांनी कुणी मला चहा घे म्हटलं. मी तो थंड होईपर्यंत हातात धरून बसले.

आणखी थोडा सुधारला की सूनबाईला एकदम दाखवीन. तोवर तू काही बोलू नकोस. तुझ्या हातून हे पुण्य घडलं.

तुझी आई

*

४ एप्रिल

वहिनी,

आईचं पत्र आत्ता मिळालं, सोबत पाठवते आहे. ती संध्याकाळच्या गोळ्या देत नाहीये. नाट्यगृहात फोन केला. रखवालदाराने उचलला. म्हणाला, तू आलेली नाहीस, दिवेवाल्या साहेबांना काल इस्पितळात नेलं.

तुझं पत्र आलं तेव्हा अंक छापून गेला होता. पुढच्या अंकात चार ओळींचा खुलासा टाकता आला असता. मी टाकला नाही. वाटलं, कोण एवढं मनावर घेतंय.

मी येऊ का? लगेच कळव.

टिल्ली

*

२१ एप्रिल

टिल्ली,

येऊ का म्हणून विचारणारा माणूस येत नसतो, म्हणून कळवलं नाही.

काय झालं ते सांगते. सकाळची उन्हं आत आलेली. तो खुर्चीवर बसला होता, मी दाढीचा फेस लावत होते. उजवा गाल थरथरला. मला वाटलं, हसतोय. मग हात, मग सगळं अंग. एक फिट थांबते न थांबते तोच दुसरी. त्याला कुशीवर वळवून धरलं, आईंनी समोरच्या दुकानातून गाडी बोलावून आणली. इस्पितळात पोचेपर्यंत थांबली नव्हती. शेवटी औषध देऊन झोपवलं आणि पुन्हा घशात नळी घातली. तीच खोली नव्हती, पण यंत्राचा आवाज तोच. तू विचारलं होतंस ना, आवाज कसा येतो? जेवायला बसल्यावरसुद्धा कानात राहतो, असा.

तरुण डॉक्टरने विचारलं, “गोळ्या चुकल्या होत्या का?” आई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझी बाही धरली. तोवर मला काही माहीत नव्हतं, तुझं पत्र यायचं होतं. पण बाही धरलेल्या हातावरून कळलं. मी म्हटलं, “हो. माझ्याकडून चुकल्या.” त्याने सगळ्यांसमोर मला झाडलं. शिकलेल्या दिसता, म्हणाला, इतका हलगर्जीपणा? मी ऐकून घेतलं. आईंचं वय झालंय, त्यांना हे पेलणार नाही. मला पेलतं.

घरी आल्यावर त्यांनी कुंडी उलटी केली, माती टाकून दिली, कुंडी घासली आणि पालथी घातली. गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात आणून ठेवला. आम्ही दोघी त्याविषयी अजून एक शब्द बोललेलो नाही. त्या नीट जेवत नाहीत.

तो घरी आलाय. शब्द गेले. ‘दिवा’ गेला, ‘आई’ गेलं. सगळ्याला ‘ते’ म्हणतो, मलाही ‘ते’ म्हणतो. परत येतील का, तर डॉक्टर म्हणाले, काही येतील. दोन वर्षं एकेक टाका घातला होता गं आम्ही, सगळी शिवण उसवली.

मला तुझा राग आला. खूप आला. इस्पितळाच्या बाकावर बसून मनातल्या मनात तुला नाही नाही ते बोलले. मग तू पाठवलेलं आईंचं पत्र वाचलं. ‘आई, चहा पी.’ मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो ‘चहा पी’ म्हणाला आणि मी घरी नव्हते, राजाच्या अंगरख्याला बटणं लावत होते. मला राग कुणाचा करावा कळेना. रडले, आणि मग रागही राहिला नाही.

एक काम कर. गोष्ट अर्धी सोडू नकोस. आई अंकाची वाट बघत नाहीत, पण आलेला टाकूनही देत नाहीत, उशाखाली ठेवतात. त्यांचा नायक तिथे टुणटुणीत बसलाय. त्याला तसा ठेवू नकोस.

वहिनी

*

१२ मे

प्रिय वहिनी,

शेवटचा भाग सोबत आहे. छापायला दिलेला नाही. तू वाच, तांबडी पेन्सिल घे, आणि तू ‘बरोबर’ म्हणशील तेव्हाच तो जाईल. संपादक म्हणाले, असा शेवट वाचकांना आवडणार नाही. मी म्हटलं, मग कादंबरी अपुरी राहिली असं छापा. मुकाट्याने कबूल झाले. त्याच्या आधीच्या अंकात चौकटीतला खुलासाही येतो आहे: आठव्या भागातली गोष्ट चूक आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी औषध थांबवू नये. दोन महिने उशिरा.

यात नायकाला फिट येते. तुझ्या पत्रातला गाल घेतला आहे. शब्द जातात. शेवटी बायको खिडकीत उभी आहे, संध्याकाळ झाली आहे, आणि ती तो परत येण्याची वाट बघते आहे.

एक तुला कधी सांगितलं नाही. मी का येत नाही ते. कादंबरी वगैरे सगळं निमित्त. तो शुद्धीवर आला म्हणून तुम्ही कळवलंत, तेव्हा मी पहिल्या गाडीने आले होते. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले, दादा, दादा म्हणून हाका मारल्या. लहानपणी ज्या नावांनी चिडवायचा त्या सगळ्या नावांनी स्वतःची ओळख सांगितली. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वहिनी, आईला शिवी तरी मिळाली. मला वाटलं, सगळ्यांतून नेमकी मीच पुसली गेले. कागदावर तरी त्याला शुद्धीवर आणावं आणि कुणाचं तरी नाव घ्यायला लावावं, म्हणून ती कादंबरी. आणि तिने त्याच्या तोंडचं उरलंसुरलंही नेलं.

आई मला लिहीत नाही. मीही तिला काय लिहू?

टिल्ली

*

२६ मे

प्रिय टिल्ली,

भाग वाचला. तांबडी पेन्सिल नव्हती, कापडावर खुणा करायच्या खडूने केल्या आहेत, पुसू नकोस.

फिट बरोबर आहे. फक्त त्याच्या तोंडात चमचा घातलास तो काढ. तोंडात काही घालायचं नसतं, कुशीवर वळवायचं. औषधाचं बरोबर आहे. शब्द जाण्याचं तर इतकं बरोबर लिहिलंयस की मला मध्येच ठेवून उठावं लागलं.

चूक आहे ती बायकोत. साऱ्या कादंबरीत तू मला पट्ट्या विचारल्यास, यंत्रं विचारलीस, त्याचा पहिला शब्द विचारलास. बायकोचं काय होतं ते एकदाही विचारलं नाहीस. ती खिडकीत वाट बघत नाही, टिल्ली. मी वाट बघणं कधीच सोडलं. ज्याची वाट बघायची तो शिडीवर चढून दिव्याची दिशा बदलायचा आणि खाली मला विचारायचा, “राणी बरी दिसते का आता?” तो तिथून खाली उतरलाच नाही. त्याच्यासाठी रडायचीही सोय नाही, कारण सगळे म्हणतात, अगं, घरात तर आहे. हा जो घरात आहे तो दुसरा माणूस आहे. त्याला वास येत नाही, त्याला माझं नाव येत नाही, आणि मी शेजारी बसले की तो माझ्या साडीचा काठ चिमटीत धरून बसतो. मला हा आवडायला लागलाय. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे. हे लिही, जमलं तर. नाही जमलं तर खिडकी तरी काढ.

आईंना मी तुझा भाग वाचून दाखवला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “तिला सांग, मी अडाणी, मी चुकीचं वाचलं. तिने नव्हतं तसं लिहिलं.” मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यावर म्हणाल्या, “ती येते कुठे?”

आता तुझं. मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग त्या खोलीत काय कुठे होतं ते आठवत बसले. भिंत त्याच्या डाव्या हाताला होती. खिडकी आणि ती खुर्ची उजव्या हाताला. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं गं. तू दोन वर्षं ज्याचं दुःख करते आहेस ते घडलेलंच नाही. त्याने तुझ्याकडे पाठ फिरवली नव्हती. तुझा आवाज ऐकून तो तुला शोधत होता, जी बाजू त्याच्याजवळ उरली होती त्या बाजूला.

आता त्याला टिल्ली कोण ते आठवेल का, मी सांगू शकत नाही. खोटं सांगणार नाही. पण ये. वही आणू नकोस. दार उघडंच असतं, तो दिवसभर हॉलमध्ये खुर्चीवर बसलेला असतो. दारातून हाक मारू नकोस, दचकतो. खुर्चीच्या मागून वळसा घालून डावीकडे ये, खाली बस, आणि मग बोल.

वहिनी